संध्याकाळचं इंग्रजी

साठी उलटल्यावर मी इंग्रजी बोलायच्या क्लासला नाव घातलं ते नातीसाठी. मुलगा बंगळूरला, सून तमिळ, त्यामुळे घरात चालतं ते इंग्रजी. सात वर्षांची नात दर रविवारी व्हिडिओ कॉलवर "हाय आजी" म्हणायची. मी विचारायचे, "जेवलीस का गं?" ती आईकडे बघायची आणि पळायची. बिचारी करणार काय? एक दिवस ती फोनजवळ यायचीच बंद होईल, ही भीती मला खात होती.

तसं मला इंग्रजी वाचता येतं. बोलायची वेळ आली की दातखीळ बसते. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, दुसऱ्यांची पोरं बाकावर उभी केली, आता माझी पाळी. ठाण्यात कोपरीतून स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, मिठाईच्या दुकानाच्या वर क्लास. सर माझ्या मुलापेक्षा लहान. "आंटी, मराठी चपलांबरोबर बाहेर ठेवायची," असं त्यांनी पहिल्या दिवशी बजावलं, तेही मराठीतच. बाकीची सगळी मुलं-मुली नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी आलेली. एकेकानं पुढे येऊन बोलायचं आणि कोणी काहीही बोललं तरी शेवटी टाळ्या.

सर म्हणाले, घरी जे कराल ते मोठ्यानं इंग्रजीत बोला. मी लागले. "आय अ‍ॅम कटिंग भेंडी." "नाऊ आय अ‍ॅम वॉशिंग द कुकर." भेंडी निमूट ऐकून घेते, चुका काढत नाही. आमचे हे गेल्यापासून घरात कुणी मोठ्यानं बोललंच नव्हतं. स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकले.

आमची जुनी इमारत पाडून टॉवर झाला. बांधकाम होईपर्यंत भाड्यानं बदलापूर-टिटवाळ्याला गेलेले शेजारी तिकडचेच झाले, इथल्या जागा विकून मोकळे. पूर्वी दारं सताड उघडी असायची आणि "वाटीभर साखर दे गं" म्हणत कोणीही आत यायचं. आता समोरच्या दारावर आडनाव आहे, माणूस मी अजून पाहिलेला नाही.

एकदा सरांनी विषय दिला, माझी संध्याकाळ. मी तयारी केली नव्हती. उभी राहिले आणि जे तोंडात आलं ते बोलत गेले. "इन द इव्हिनिंग नोबडी कम्स. सो आय स्विच ऑन ऑल द लाइट्स. पीपल डाऊन ऑन द रोड शुड थिंक, इन धिस हाऊस देअर आर मेनी पीपल."

हे मी मराठीत कुणालाही सांगितलेलं नाही. बहिणीलासुद्धा फोनवर "मजेत आहे" एवढंच सांगते. मला वाटलं, आता वर्ग गप्प होईल. सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "एक्सलंट, आंटी! कुठेही अडकला नाहीत!" सर म्हणाले. मराठी बाहेर ठेवायचा नियम त्यांनीच मोडला. जिन्यात एक मुलगी चप्पल घालता घालता म्हणाली, "काकू, भारी बोललात! कुठून पाठ केलंत?"

"यूट्यूबवरून," मी म्हटलं. राग आला होता, पण त्या पोरीचा नाही.

त्या रविवारी संध्याकाळी फोन आला. नातीनं माझ्या मागे पाहिलं आणि डोळे मोठे केले. "आजी, व्हाय आर ऑल द लाइट्स ऑन? इज देअर अ पार्टी?"

"यस," मी म्हणाले. "बिग पार्टी."

ती चक्क खाली बसली. कोण कोण आलंय, काय केलंस, सगळं विचारत सुटली. मीही सुटले. खालच्या मजल्यावरची काकू आली, तिनं अळूवडी आणली, तिचा नवरा गायला, कुणीतरी सरबत सांडलं. सगळी जुन्या इमारतीतली माणसं होती. एकदाही अडखळले नाही. नात खदखदून हसत होती, आईनं हाक मारली तरी उठली नाही. इतका वेळ ती माझ्याजवळ कधीच बसली नव्हती.

मग म्हणाली, "शो मी, आजी! शो मी द पीपल!"

"दे हॅव जस्ट लेफ्ट," मी म्हणाले.

"ऑल ऑफ देम?"

"ऑल," मी म्हणाले, आणि रडू दिसू नये म्हणून कॅमेऱ्यावर बोट धरलं.