व्याह्यांना दाखवलेलं घरटं

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. घरीही कोणाला माहीत नाही.

निवृत्तीनंतर इथे अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवे गावाहून तासाभरावरच्या खाडीत मी आणि माझा नागपूरचा एक मित्र ऑस्प्रेच्या घरट्यावर लक्ष ठेवायला जात असू. ऑस्प्रे हा घारीएवढा, मासे पकडणारा पक्षी. दलदलीत मुद्दाम उभ्या केलेल्या खांबावरच्या फळीवर तो काटक्या रचतो. वसंतात मादी अंड्यांवर बसली की बांधावरून दुर्बिणीने बघायचं आणि आम्हा स्वयंसेवकांच्या गटप्रमुख बाईंना कळवायचं, एवढंच काम. बांध सोडून पुढे जायचं नाही, कारण मादी उठली की अंडी गारठतात. मित्राची बायको गेलेली. आठवडाभर तो आपल्या फेरीची वाट बघायचा.

त्या एप्रिलात पुण्याहून व्याही आणि विहीणबाई आले. मुलीचं लग्न नुकतंच झालं होतं. मित्राने आपली पाळी मला दिली. "ने त्यांना. दाखव तुझी अमेरिका."

व्याह्यांना दुर्बिणीतून नीट दिसेना. "एवढं लांब आणलंत, जरा जवळून दाखवा की," ते म्हणाले. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? आम्ही थेट खांबाखाली गेलो. मादी उडाली आणि ओरडत घिरट्या घालू लागली. वारा बोचरा होता. विहीणबाईंनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. मी "चला आता" म्हणालो, पण हळूच.

त्या घरट्यात पिल्लं झाली नाहीत. पाहुण्यांना घेऊन खांबाखाली उभा असलेला एक म्हातारा भारतीय माणूस होडीतल्या कुणीतरी पाहिला होता. पाळी मित्राची, म्हणून बाईंनी त्याला विचारलं. तो फक्त "सॉरी" म्हणाला. त्याचं काम गेलं.

"मी सांगतो त्यांना," मी फोनवर म्हणालो.

"जाऊ दे बे. व्याही घरात आहेत. पोरीकडे बघ."

व्याही ऑगस्टात परतले. तरीही मी बाईंना काही सांगितलं नाही. मित्राच्या पाळ्या त्यांनी मला देऊ केल्या, त्याही मी घेतल्या.

पुढे तो मुलाकडे ॲन आर्बरला राहायला गेला आणि आजारी पडला. शेवटच्या फोनवर त्याने विचारलं, "यंदा बसली का रे मादी?"

"बसली."

मी तिथल्या थंडीची चौकशी केली. मग त्याच्या सुनेने फोन घेतला. "काका, बाबा दमलेत. नंतर बोला हं." ते 'नंतर' आलंच नाही, तो गेला. चूक माझी होती, तुझी जागा मी घेतली, मला माफ कर, एवढंच मला त्याला सांगायचं होतं.