एका सरकारी वर्षात दोन पाडवे

आज दुपारी लेकीचा फोन आला. "आई, पीपीएफमध्ये मर्यादेपेक्षा जास्त पैसे भरले गेले गं! गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भरले, आजोबांसारखे."

मला माझे वडील, आण्णा, आठवले.

मंडळी, सत्तरच्या दशकात आमच्या आण्णांची किकवीला भाताची गिरण होती. पेन्शन कुठली असणार? म्हणून पीपीएफ. पाडवा झाला की दुसऱ्या दिवशी एसटीनं पुण्याला जाऊन मर्यादेइतकी वर्षाची पूर्ण रक्कम भरायची, हा त्यांचा नेम.

एका वर्षी पाडवा मार्चमध्येच आला. पैसे भरले आणि काही दिवसांनी बँकेचं बोलावणं आलं. मी कॉलेजात होते, सोबत गेले.

कारकून म्हणाले, "मागचा पाडवा एप्रिलात, हा मार्चात. सरकारी वर्ष बदलतं एक एप्रिलला. एकाच वर्षात दोनदा भरलंत तुम्ही. जादा रकमेवर व्याज नाही."

"व्याज ऱ्हाऊ द्या सायेब, मुद्दल तरी मिळंल न्हवं?" आण्णांनी हात जोडले.

"अर्ज द्या. वरून मंजुरी आली की मिळेल."

कधी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

परतताना खेड-शिवापूर मागं पडलं. तेव्हा आण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हातारपणी कुणाम्होरं हात जोडाय लागू नयेत म्हनून भरत व्हतो. आजच जोडलं."

पैसे दिवाळीत परत आले. लेकीला मी तेवढंच सांगितलं.

आण्णांचं ते वाक्य तिला सांगू का? तुम्ही सांगितलं असतंत?