मामांनी मोटारीला पाणी पाजलं

मध्यभारत नवंनवं झालं होतं, पेट्रोलला रेशन होतं आणि माझी वकिलीची सनद जेमतेम तीन महिन्यांची होती. देपालपूरला एका लग्नासाठी मी मामांबरोबर प्रवासी मोटारीनं निघालो. मामा होळकरांच्या रिसाल्यातले निवृत्त जमादार. सगळी हयात घोड्यांत गेलेली. मोटारीत बसायची ही दुसरी खेप.

वाटेत इंजिन तापून वाफा सोडू लागलं. ड्रायव्हरनं गाडी थांबवली. आधी पेट्रोल किती उरलंय ते टाकीत काठी घालून पाहिलं, मग झाकण तसंच उघडं ठेवून तो पुढे पळाला नि ओरडला, "भिया, कोई पानी तो डाल दो!" मामांनी विहिरीवरून बादली आणली आणि जे तोंड उघडं दिसलं त्यात सबंध ओतली.

मोटार बसली ती बसलीच. उतारू चिडले. अशा वेळी गप्प बसावं की नाही? पण मला नवी विद्या पाजळायची होती. मी मोठ्यानं म्हणालो, "देशाच्या इंधनाची नासधूस म्हणजे गंमत नाही. घातपाताचं कलम लागतं. कैद होते!"

मागच्या बाकावरचे थानेदार पुढे झाले. "वकीलसाब, कौन-सा कलम?"

मी मूर्खानं तेही सांगितलं.

काही दिवसांनी देपालपूरच्या कोर्टात मामा आरोपी आणि मी त्यांचा वकील. सगळी मदार इराद्यावर होती.

"मामा, एवढंच म्हणा, चुकून झालं."

"जमादार चुकत नसतो."

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "पानी गलती से डाला?"

"नहीं सरकार. जानबूझके डाला."

थानेदार खुलले. मी धडपडत उठलो, "हुजूर, मेरे मुवक्किल बूढ़े हैं, नासमझ हैं..."

"तू गप रे!" मामा कडाडले. मग कोर्टाकडे वळून म्हणाले, "बेचारी प्यास से फुरफुर कर रही थी. प्यासे को कोई गलती से पानी पिलाता है क्या?"

मॅजिस्ट्रेटनी रुमाल तोंडाला लावला. ड्रायव्हरला बोलावलं, पाणी आपणच मागितलं आणि झाकण आपणच उघडं ठेवलं, हे त्यानं कबूल केलं. मामा सुटले.

सुटले, पण माझ्याशी बोलेनात. खटल्याचा राग नव्हता. भर कोर्टात 'नासमझ' म्हटल्याचा होता. शेवटी दिवाळीच्या फराळाला आईनं मला सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडायला लावलं. त्यांनी पाठीवर अशी थाप मारली, की तोंडातली चकली समोरच्या ताटात गेली.