हरसूलला पाठवलेले पाइनचे खांब

नाशिक रोडला स्टेशनपासून थोड्या अंतरावर आमची लाकडाची वखार होती. वडिलांच्या काळात तिथे सरकारी लिलावातून घेतलेला साग आणि ऐन यायचा. नव्वदच्या दशकात लिलावात धड माल मिळेनासा झाला, तेव्हा मी परदेशी लाकूड आणायला लागलो. आधी मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून मलेशियाचे ओंडके आणि मग थेट न्यूझीलंडहून, कापून तासून तयार असलेले पाइनचे खांब आणि तुळया. न्हावाशेवा बंदरातून निघालेला ट्रेलर कसारा घाट चढून आमच्या फाटकाशी उभा राहिला, की उगाचच आपण मोठे झाल्यासारखं वाटायचं.

वखारीतल्या करवतीवर एक मिस्त्री होते, हरसूलजवळच्या एका पाड्यावरचे. भातकापणी आटोपल्यावर कामाच्या शोधात नाशिकला आले आणि वडिलांनी त्यांना ठेवून घेतलं. तेव्हा मी शाळेतसुद्धा जात नव्हतो. लाकूड ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नखाने खरवडायचं, वास घ्यायचा, बोटांच्या पेरांनी ठोकून ऐकायचं, एवढंच. वडील त्यांना विचारल्याशिवाय ओंडका उचलत नसत.

पाइनचा पहिला कंटेनर उघडला तेव्हा त्यांनी हे सगळं केलं आणि म्हणाले, "भाऊ, देखणं हाय. पण लय मऊ. आतल्या कामाला द्या, मातीत रोवायला नका देऊ."

"तिकडे अख्खी घरं बांधतात याची, मिस्त्री."

"तिकडं आपल्यावानी वाळवी नसंल."

मी हसण्यावारी नेलं. त्यानंतर महिनाभरात ओझरच्या कारखान्यातले एक गृहस्थ आले. त्यांना बंगल्यापुढे मांडव उभारायचा होता. मी पाइनचे खांब दाखवले. त्यांना ते आवडलेही, पण जाता जाता त्यांनी करवतीपाशी थांबून मिस्त्रींना विचारलं, "काय हो, अंगणात टिकतील ना हे?"

"नाय साहेब. अंगणात नको."

गृहस्थ विचार करून सांगतो म्हणाले आणि परत फिरकले नाहीत. ते फाटकाबाहेर पडताच मी सगळ्या कामगारांसमोर मिस्त्रींवर ओरडलो, "पगार माझा घेता आणि गिऱ्हाईक माझंच घालवता? यापुढे मालाबद्दल एक शब्द बोलायचा नाही. करवत चालवायची, बस."

त्यांनी हातावरचा भुसा झटकला. "बरं," म्हणाले आणि करवत सुरू केली.

त्या दिवसापासून ते मला 'भाऊ' म्हणायचे बंद झाले. 'शेठ' म्हणू लागले. लाकडाबद्दल खरंच कधी काही बोलले नाहीत. माझा घरून डबा आला की पूर्वी माझ्याशेजारी बसून जेवायचे, ते आता करवतीपाशीच बसून जेवायला लागले. माझ्या हे लक्षात आलं होतं. पण माणूस वळणावर आला, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

दोन हजार सालानंतर त्यांची नजर कमी झाली. करवतीवर नजरेशिवाय भागत नाही, म्हणून त्यांनी काम सोडायचं ठरवलं. जाताना म्हणाले, गावाकडचं घर नव्याने बांधायचंय. स्वतःच्या बांधावर साग होता, पण तो तोडायची वनखात्याची परवानगी काही मिळत नव्हती.

"लाकूड माझ्याकडून," मी म्हणालो. "इतकी वर्षं काम केलंत, एवढं तरी मला करू द्या."

खरंच मनापासून म्हणालो होतो. थप्पीतून एकेक खांब मी स्वतः निवडला, सरळ आणि बिनगाठीचा. आढ्यासाठी सगळ्यात लांब तुळई काढली. मिस्त्री जवळ आले. एका खांबावर तळवा ठेवून बराच वेळ उभे राहिले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"शेठनी दिलंय, चांगलंच असंल."

मला ते कौतुक वाटलं. त्याच संध्याकाळी ट्रक हरसूलकडे रवाना केला.

पुढे तीन पावसाळे गेले. एकदा त्र्यंबकला कामासाठी गेलो होतो, तसाच पुढे हरसूलला निघालो. पाड्यावर त्यांचं घर सापडलं. पुढच्या पडवीला ऐनाचे ओबडधोबड खांब होते. माझा एकही दिसेना. गोठ्याच्या कडेला एक आडवा पडला होता. मी त्याला पायाने ढकललं, तर पाय आतच गेला. वरचा पापुद्रा तेवढा उरला होता, आत नुसती माती.

मिस्त्री बाहेर आले. उजवा हात त्यांनी पोटाशी धरला होता. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला आणि मी विचारण्याआधीच सांगितलं, "दुसऱ्या पावसात पडवी खाली बसली. हे खालीच व्हते. खांदा मोडला, तवापासून हात वर जात नाय."

त्याच पुढे म्हणाल्या, "गावात इचारलं, लाकूड कुठलं? हे म्हनले, मालेगावच्या बाजारातनं आणलं. तुमचं नाव नाय घेऊ दिलं."

"मिस्त्री," मी म्हणालो, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"हां."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाजात राग नव्हता. "तुम्हीच नको म्हनले व्हते. आन् इतक्या हौसेनं निवडत व्हते."

मग मी तिथेच त्यांना खरं सांगितलं. पहिल्या ऑर्डरच्या वेळी न्यूझीलंडच्या व्यापाऱ्याने फॅक्सवर विचारलं होतं, खांब जमिनीत रोवायचे आहेत का. तसं असेल तर वाळवीचं औषध पाजलेलं लाकूड घ्या, थोडं महाग पडेल. मी साधंच मागवलं होतं.

मिस्त्रींनी चहाला हात लावला नाही. चहा निवून गेला. मग हळूच म्हणाले, "मंग तुम्हाला बी ठाऊक व्हतं."

मी मान हलवली.

आठवड्याभरात जुन्या सागाचे खांब पाठवले. त्यांनी नाकारले नाहीत, त्यांच्या मुलाने ऐनाचे खांब काढून पडवी पुन्हा उभी केली. मी साधं पाइन मागवणं बंद केलं आणि उरलेला माल खोके करणाऱ्यांना देऊन टाकला. ज्यांनी अंगणासाठी खांब नेले होते, त्यातल्या दोघांच्या घरी जाऊन सांगून आलो. बाकीच्यांकडे जायचं धैर्य झालं नाही.

मिस्त्री त्यानंतर वखारीत कधी आले नाहीत. मुलगा बाजाराला आला की तांदळाची पिशवी घेऊन यायचा, त्यांच्या शेतातला तांबडा तांदूळ. मी घरात द्यायचो. भात चुलीवरच्यासारखा गोड लागतो, असं बायको म्हणायची. मी पानावर बसायचो आणि दोन घासांपुढे मला तो जायचा नाही.