आई कुणाला हाक मारत हुती?

मंडळी, आज सकाळी माझी आई गेली. प्लेगानं. महाराजांच्या हुकमानं गाव सोडून समद्यांनी रानात झोपड्या घातल्यात, तिथंच गेली.

आम्ही मराठे, पण माझं नाव पिराजी. आईची लेकरं जगत नव्हती, म्हणून तिनं गावच्या पीराला नवस केला. मग मी झालो.

सकाळी तिला धाप लागली. मामा तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "आक्का, राम म्हण."

"पिराजी..."

"ल्योक हितंच हाय की! आधी देवाचं नाव घे."

"पिराजी..."

ती हाक मारंल तशी मी ओ देत हुतो. "ओ आई, हितंच हाय मी."

हात गार पडला. मामा रडत म्हणाला, "देवाचं नाव न घेताच गेली रं."

लई राग आला त्याचा. पण तिला पोचवून आल्यापास्नं मलाच घोर लागलाय. दर गुरुवारी पीराम्होरं ऊद घालताना ती त्यालाबी "पिराजी" अशीच हाक मारायची.

तुम्हीच सांगा, मंडळी. ती त्याला बोलवत असंल, तर मधी मी कशाला ओ देत बसलो?