चार अक्षरांची तूट

पाणीपुरवठा कार्यालयातल्या तक्रार कारकुनाला सगळे ‘निकाली’ म्हणत. बावीस वर्षांत त्याच्या टेबलावर एकही तक्रार सात दिवसांवर टिकली नव्हती. एका सोमवारी तक्रारपेटीतून, खाली नीट पत्ता लिहिलेल्या, चार ओळी निघाल्या:

रिती बादली दारात
कान लावून ऐकते,
कुणी यायचे दुरून –
आले नाही.

निकालीने नोंद केली, ‘पाणी नाही.’ अभियंत्याने ती खोडली. पाण्याला काय कुणी ‘कुणी’ म्हणतं? ही तक्रार माणसाविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं. फिटरने बोटांवर अक्षरं मोजली. पहिल्या तिन्ही ओळींत आठ-आठ, शेवटच्या ओळीत चारच. प्रेशर टोकाला निम्म्यावर येतंय, म्हणजे गळती तिसऱ्या ओळीनंतरच, हे त्याने छातीठोकपणे सांगितलं. साहेबांना पटलं. ‘चार अक्षरांची तूट, पाहणी करावी’ असा शेरा मारून त्यांनी तिघांनाही पिटाळलं.

दार उघडलं ते शिवणकाम करणाऱ्या एका पन्नाशीच्या बाईंनी. आत नळ धो धो वाहत होता, बादली काठोकाठ भरलेली. पाणी असताना तक्रार कसली, असं त्याने विचारलं, तर म्हणे पाण्याची नाहीच.

“मग आमच्या पेटीत का टाकलीत?”

“दुसऱ्या कुठल्या ऑफिसला पेटीच नाही,” बाई तोंडातली टाचणी काढत म्हणाल्या.

आता आली का पंचाईत! निकालीने चाचरत विनंती केली, की शेवटच्या ओळीत तेवढी चार अक्षरं घालून द्या, फाईल बंद होईल.

“ओळ भरली तर कुणीतरी आल्यासारखं वाटेल,” बाई म्हणाल्या. “आलं नाही ना कुणी.”

अभियंत्याने चष्मा पुसला. फिटरला पटलं सगळं, पण स्टोअरमधून नवा नळ काढून आणलेला, परत कोण घेणार? त्याने चांगला नळ काढून नवा बसवला. मग बाईंनी चहा टाकला आणि तिघं कापडाच्या चिंध्या बाजूला सारून ऐसपैस बसले.

‘तूट मूळचीच आहे. भरून काढू नये,’ असं निकालीने अहवालात लिहिलं. नळ बदलल्याचं वाचून साहेबांनी डोळे मिटून सही ठोकली.

संध्याकाळी निकालीच्या बायकोने मटार सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे त्या बाईंकडे शेवटपर्यंत आलंच नाही कुणी?”



“आम्ही तिघं गेलो होतो की,” निकाली म्हणाला, आणि तिच्यासमोरच्या शेंगा आपल्याकडे ओढून सोलू लागला.