रिव्हर्सचा आवाज

दिल्लीतल्या द्वारकेत राहायला गेलो तेव्हा सोसायटीतले निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि पाणी टँकरने यायचं. नवरा नव्या खासगी विमान कंपनीत पायलट, म्हणून विमानतळाजवळ घर. डोक्यावरून उतरणारं विमान गेलं की हा बोलता बोलता गप्प व्हायचा. टेकल्यावर इंजिनाचा झोत उलटा वळवून विमान थोपवतात, तो रिव्हर्स. ती गर्जना विरली की मगच याचं वाक्य पुरं व्हायचं. मला या खुळाचा भयंकर राग यायचा.

एका दुपारी त्याचे सीनियर कॅप्टन चहाला आले. रिव्हर्स पूर्ण ओढू नका, इंधन वाचवा, असं कंपनीनं नुकतंच बजावलं होतं.

"सर, रनवे लांब आहे, ब्रेक पुरतात," हा म्हणाला.

"दिल्लीत पुरतात. चल, डोळे मीट. आता रनवे छोटा आहे आणि ओला आहे. उतर."

यानं हसत डोळे मिटले आणि समोर रिव्हर्सचा लिव्हर असल्यासारखा उजवा हात मागे ओढला. हात अर्ध्यावरच थांबला, कंपनीच्या हुकमाप्रमाणे रोज थांबतो तिथे.

"ओढ ना, यार," कॅप्टन हळूच म्हणाले.

यानं डोळे उघडून हाताकडे पाहिलं. हसू कधीच गेलं होतं.

खाली कंपनीची गाडी हॉर्न देत होती. त्याला डोंगरातल्या एका छोट्या विमानतळावर विमान उतरवायचं होतं आणि तिथे सकाळपासून पाऊस होता. मी बॅग पुढे केली, तर ती घ्यायला त्यानं अर्ध्यावर थांबलेला तो उजवा हात उचललाच नाही.